कपड्यांसकट पोहणारी लेक

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी माझी आठ वर्षांची लेक पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी होती. अंगात टी-शर्ट, लांब पँट, पायांत बूट. तिच्यासारखीच आणखी चौदा-पंधरा मुलं रांगेत. शिक्षिकेनं खूण केली आणि एकेक करून सगळ्यांनी बुटांसकट पाण्यात उडी घेतली. माझ्या शेजारी बसलेल्या आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडीचा वळ दिवसभर राहिला. ती बीडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, नेदरलँड्सला, आली होती. "बुटात पाणी भरलं की पाय खाली ओढतेत गं," ती पुटपुटली. "कुणी उतरत का नाही पाण्यात?"

कुणी उतरलं नाही. लेक पाय मारत जागच्या जागी तरंगली, मग पोहत पलीकडे गेली, वाटेत एक अडथळा होता त्याच्या खालून गेली, पाठीवर पोहत परत आली आणि हातांवर जोर देऊन स्वतःची स्वतः काठावर चढली. कपड्यांतून पाणी निथळत होतं. पुढं पोहण्याच्या पोशाखात परीक्षेचा दुसरा भाग झाला. त्यात पाण्याखाली एक ताडपत्री उभी टांगलेली असते, तिला भोक असतं आणि तीन मीटर पाण्याखालून जाऊन त्या भोकातून आरपार निघायचं असतं. माझी लेक पाण्याखाली होती तेवढा वेळ आईनं श्वास घेतला नसावा. लेकीचं डोकं वर आलं तेव्हा आईनं पदर डोळ्यांना लावला.

नेदरलँड्समध्ये पोहण्याच्या या परीक्षेला डिप्लोमा ए म्हणतात. त्यापुढं बी आणि सी. सी-ला ताडपत्रीचं अंतर नऊ मीटर असतं आणि कपड्यांवर रेनकोटही घालावा लागतो. पाच-सहा वर्षांचं मूल झालं की इथली आई त्याचं नाव पोहण्याच्या वर्गाला घालते, आणि वर्ष-दीड वर्ष दर आठवड्याला, पावसात, थंडीत, सायकलवर बसवून त्याला नेते. आत बसून बघायची परवानगी नसते. ठरावीक दिवशीच आईबापांना काठावर येता येतं. बाकीचे दिवस काचेपलीकडे. मूल रडत असलं तरी काचेपलीकडेच.

त्या दिवसाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस वाद झाला. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीनं लिहिलं, "पोरीला कपड्यांसकट पाण्यात टाकतात आणि तू फोटो काढत बसतेस? तिकडच्या आया जन्मल्यापासून वेगळ्या खोलीत झोपवतात, अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात. आईची माया म्हणजे काय हे त्यांना कसं कळणार?" त्यावर संभाजीनगरचा मामेभाऊ उसळला. "आपल्याच आयांनी पोरांना पांगळं केलंय. दहावीतल्या घोड्याला घास भरवतात. युनिसेफचा २०२० चा अहवाल वाच, श्रीमंत देशांत मुलांच्या सुस्थितीत नेदरलँड्स पहिला आहे." मग कुणीतरी नॉर्वेचं प्रकरण काढलं. २०११ मध्ये स्टाव्हांगरमधल्या एका भारतीय कुटुंबाची दोन मुलं तिथल्या बालकल्याण खात्यानं ताब्यात घेतली होती. हातानं भरवणं आणि मुलाला आपल्या बिछान्यात झोपवणं हे आपल्यावर ठेवलेले आक्षेप होते, असं आईबापांनी सांगितलं. प्रश्न संस्कृतीतल्या फरकाचा नाही, असं खात्याचं म्हणणं होतं. दिल्लीला मध्ये पडावं लागलं. २०१२ मध्ये मुलं काकाकडे भारतात आली आणि २०१३ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निर्णयानं आईकडे. "बघा, घास भरवला म्हणून मुलं नेतात," मावसबहिणीनं लिहिलं, आणि ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी अकरा वर्षं इथं आहे. रॉटरडॅमच्या पूर्वेला, जिथून सायकलवर जाण्याच्या अंतरावर या देशातली सर्वांत खोल जमीन आहे: समुद्रसपाटीच्या खाली जवळपास पावणेसात मीटर. या वादात मला दोन्ही बाजूंचं वाईट वाटलं. एका बाजूनं माझ्या शेजारणींना निर्दय ठरवलं, दुसऱ्या बाजूनं माझ्या आईला अडाणी. दोघांनीही आईचा हात काय करतो तेवढंच पाहिलं. तो हात कशाला घाबरलेला आहे हे पाहायची तसदी कुणी घेतली नाही.

आईच्या हाताबद्दल आधी सांगते. ती आली तेव्हा तिच्या दोन बॅगांत मिळून स्वतःच्या चार साड्या होत्या. बाकी सगळं ज्वारीचं पीठ, येसर, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, डिंक, हळीव. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा शाळेचा डबा पाहून ती खरोखर हादरली. इथं मुलं दुपारी पाव खातात. गार पाव, त्यावर लोणी आणि लोण्यावर चॉकलेटचे बारीक दाणे, ज्याला हाखलस्लाख म्हणतात. "हे काय जेवण झालं का माय? कोरडा पाव अन् त्याच्यावर गोळ्या!" दुसऱ्या दिवसापासून ती साडेपाचला उठून धपाटे करायला लागली. डबा परत आला की आधी उघडून बघायची. एखादा तुकडा उरला असेल तर संध्याकाळपर्यंत तोंड उतरलेलं.

एका बुधवारी लेक शेजारच्या घरी खेळायला गेली होती. बुधवारी इथल्या बऱ्याच शाळा दुपारीच सुटतात. पावणेसहाला शेजारीण तिला दारापर्यंत सोडून गेली, कारण त्यांची जेवायची वेळ झाली होती. इथं ही अगदी साधी गोष्ट आहे. आधी ठरलेलं नसेल तर दुसऱ्याच्या मुलाला जेवायला ठेवून घेत नाहीत, त्याच्या घरीही ताट वाट बघत असतं म्हणून. आईला ते सहनच झालं नाही. "जेवायच्या टायमाला लेकराला घरी पाठवलं? ताटावरून?" तिचे डोळे भरून आले होते. मी तिला किती समजावलं, पण तिच्या लेखी त्या बाईनं एक लेकरू उपाशी दाराबाहेर काढलं होतं.

हे डोळे का भरतात ते मला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात आई नऊ वर्षांची होती. विहिरी तळाला गेल्या होत्या, गुरं कवडीमोलानं विकली होती. माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि आईला धाकट्या भावाला सांभाळायला सोबत न्यायची. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनला मिळायची, तिच्या भाकरी चिकट व्हायच्या आणि घशाखाली उतरायच्या नाहीत. कामावर सुकडी नावाचं कोरडं पौष्टिक खाणं वाटायचे. आजी आपली सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि रात्री दोन्ही लेकरांना वाटून द्यायची. आई अजूनही सांगते, "वास यायचा पदराला. दुसऱ्या दिवशी धुतला तरी यायचा." त्या वर्षी त्यांच्या आळीतली दोन लहान मुलं गेली. दवाखान्यात काय नाव दिलं कुणास ठाऊक, आळीत त्याला भूकच म्हणत.

त्या बाईच्या पोटी जन्मलेली माझी आई "जेवलीस का?" विचारते तेव्हा ती चौकशी नसते. ती रात्री दाराची कडी लागली का ते बघावं तसं बघत असते. मी एम.एससी.ला पहिली आले तेव्हा फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच होता. माझं लग्न मोडता मोडता राहिलं त्या रात्रीही तोच. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं ती मला आयुष्यात म्हणालेली नाही आणि म्हणाली असती तर मी घाबरले असते.

मेच्या सुरुवातीला आम्ही तिला झीलँड या समुद्रकाठच्या प्रांतात आउवरकेर्क नावाच्या गावी घेऊन गेलो. तिथं १९५३ च्या पुराचं संग्रहालय आहे. ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, बांध फुटले आणि झोपलेल्या गावांत समुद्र शिरला. माणसं माळ्यावर, कौलांवर चढून बसली. कित्येक घरं माणसांसकट वाहून गेली. फुटलेला बांध बुजवायला पाण्यात काँक्रीटची अवाढव्य खोकी बुडवली होती. त्याच चार खोक्यांच्या पोटात आज हे संग्रहालय आहे. आत अंधार आणि गारवा असतो. एका ठिकाणी वाळूवर मृतांची नावं उमटत राहतात. सरकारी मोजणीत मृत्यू १,८३५ होते. मग त्यात एक मिळवला. त्याच रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री बुडालेलं एक बाळ, ज्याचा जन्म कुठंच नोंदला गेला नव्हता.

मी हे मराठीत सांगितलं आणि आई तिथंच बाकावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. आमच्यासोबत शेजारीण आली होती. तिची आजी त्या रात्री दोन मुलांना घेऊन माळ्यावर चढली होती आणि वाचली होती. ती आजी पुढं आयुष्यभर प्रत्येक नातवंडाला एकच प्रश्न विचारायची: पोहता येतं का? डिप्लोमा झाला का? शेजारणीनं हे सांगितलं आणि मी भाषांतर केलं. आईनं शेजारणीच्या हातावर हात ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गाडीत बसल्यावर आई मला म्हणाली, "म्हणजे ह्यांचा दुष्काळ पाण्याचा होता."

मला ग्रुपवर जे लिहायला जमलं नव्हतं ते तिनं पाच शब्दांत सांगितलं. ज्या गोष्टीनं आपल्या भागातली लेकरं नेली, आई तिच्याविरुद्ध उभी राहते, आणि तेच उभं राहणं पुढं त्या भागाची माया म्हणून ओळखलं जातं. बीडची आई ताट भरते. झीलँडची आई काचेपलीकडे बसून मुलाला पाण्यात जाऊ देते. ही माया रक्तात उतरते, कारण संपून गेलं तरी उतरते. माझी आई भरलेल्या फ्रिजसमोर उभी राहून लेकरू उपाशी जाईल म्हणून घाबरते आणि माझी शेजारीण सुट्टीत डोंगराळ गावी गेली तरी आधी तिथलं तळं कुठं आहे ते बघते.

वेगळ्या बिछान्याचंही असंच. इथं बाळाला पाळण्यात, उताणं, पांघरुणाऐवजी झोपण्याच्या पिशवीत घालून झोपवतात. पहिले काही महिने पाळणा आईबापांच्याच खोलीत असतो, पण बिछाना बाळाचा स्वतःचा. पाळण्यातल्या अचानक मृत्यूंनी एके काळी या देशाला फार पोळलं होतं. पालथं झोपवू नका असं १९८७ पासून डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली आणि ते मृत्यू झपाट्यानं कमी झाले. माझ्या आईला मात्र सापा-विंचवाच्या भुईवर लेकराला कुशीत घेऊन झोपण्याची सवय. तिच्यापासून दूर निजलेलं मूल तिला उघड्यावर पडल्यासारखंच वाटतं. दोघी रात्रीतून तीनदा उठून बाळाच्या नाकापुढं हात धरून श्वास चालू आहे का ते बघतात. मी स्वतः दोघींना पाहिलं आहे.

आणि जवळ निजवणं हीच जर मायेची खूण, तर माझ्या जिल्ह्यातल्या ऊसतोडणाऱ्या बायांना काय म्हणायचं? दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. अंगावर पिणारं लेकरू सोबत जातं, बांधावर झोळीत झोपतं. शाळेतलं मागं राहतं, म्हातारीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. माझ्या मामाच्या शेजारी राहणारी एक बाई आपल्या मुलीला चौथीपासून दहावीपर्यंत दरवर्षी अशी मागं ठेवून गेली. ट्रकमध्ये चढताना मुलीकडे बघायची नाही, बघितलं तर उतरावं लागेल म्हणून. त्या मुलीच्या हातात कोयता येऊ नये यासाठी आईनं सात हिवाळे तिच्याशिवाय काढले. ती मुलगी आज नर्स आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून "वेगळं ठेवणं म्हणजे माया नाही" असं लिहिताना माझ्या मावसबहिणीला ही बाई आठवली नाही. ती तर आपल्याच मातीतली आहे.

मामेभावालाही मला सांगायचं आहे. युनिसेफचा अहवाल खरा आहे, पण त्याचं श्रेय एकट्या आयांच्या शहाणपणाला देऊ नकोस. इथं नऊ वर्षांचं मूल एकटं सायकलवर शाळेत जातं, कारण त्याच्यासाठी वेगळा रस्ता आहे आणि गाडीवाला थांबतो. अर्धवेळ नोकरी करून निम्म्याहून जास्त बाया दुपारी शाळेच्या फाटकात हजर असतात, कारण अर्धवेळ काम करणाऱ्यालाही इथं पूर्ण कायद्याचं संरक्षण आहे. त्या अर्ध्या पगाराची किंमत त्या म्हातारपणी कमी पेन्शनमध्ये मोजतात, ती गोष्ट वेगळी. बीडच्या हमरस्त्यावर नऊ वर्षांच्या मुलाला सायकलवर सोडणारी आई स्वावलंबन शिकवत नसते. तिथं त्याचा हात धरून चालणारी आईच शहाणी.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. माझी लेक जन्मली तेव्हा आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. इथं बाळंतिणीच्या घरी आठवडाभर प्रशिक्षित बाई येते. या व्यवस्थेला क्रामझोर्ख म्हणतात आणि विम्यातून तिचा बहुतेक खर्च निघतो. आमच्याकडे आलेल्या बाईनं माझ्या पलंगाखाली ठोकळे लावून तो उंच केला, बाळाच्या पाळण्यात गरम पाण्याची बाटली कशी ठेवायची ते दाखवलं, मला आंघोळीला धाडून भांडीही घासली. पाहुण्यांसाठी तिनं गोल टोस्टला लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढऱ्या साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या दाण्यांचा थर दिला. त्या दाण्यांनी आईला दूध येतं, अशी इथली जुनी समजूत. मी फोनवर आईला सांगितलं तर ती आनंदानं ओरडली, "म्हणजे बाळंतशोपाच की!" पण नवव्या दिवशी सकाळी ती बाई आली नाही. तेव्हा इथं बापाला दोनच दिवसांची पगारी रजा होती (२०२० नंतर ती सहा आठवड्यांपर्यंत गेली, त्यातले पाच सत्तर टक्के पगारावर), त्यामुळे नवराही कामावर. घरात मी, बाळ आणि बाहेर पाऊस. त्या दिवशी मला सव्वा महिन्याची किंमत कळली. शेक-शेगडी, धुरी, अंग चोळून देणारी बाई, हळिवाचे लाडू, आणि या सगळ्याहून मोठं म्हणजे घरात दुसऱ्या बाईच्या पावलांचा आवाज. आपल्याकडे त्यातलं पथ्यपाण्याचं जाच म्हणून जे आहे ते टाकून द्यावं. पण चाळीस दिवस आईलाच कुणीतरी आई होऊन सांभाळतं, हे टाकण्यासारखं नाही. इथल्या कितीतरी तरुण आया एकटेपणानं खंगताना मी बघितल्या आहेत. त्यांच्या हाताशी घड्याळ आहे, वजनाचा तक्ता आहे, माणूस नाही.

घरच्या वादात मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते आईच्या स्वतःच्या ताटाबद्दल. आपण आईच्या मायेचं कौतुक करतो तेव्हा बहुतेक वेळा तिच्या उपाशी राहण्याचं कौतुक करत असतो. १९७२ मध्ये आजीनं सुकडी पदरात बांधली, ती गरज होती. आज माझी आई सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानं, कालची पोळी खाते, ती कशाची गरज? इथं येण्याआधी तपासणीत तिचं हिमोग्लोबिन आठ निघालं. ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. सगळं काही शेवटी जेवण्यामुळं होत नाही, पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला डाळीचं पाणी आणि भाजीचा रस्साच उरतो हे कुठल्याही घरात बघून घ्यावं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं नाव लावायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी अभिमानानं टाळ्या वाजवल्या. त्या रात्री त्याच घरांत आया कितव्या पंगतीला जेवल्या असतील?

माझ्या शेजारणीच्या घरी सहाला टेबल मांडतात. भांडी टेबलावर, आई खुर्चीत. मुलांना जास्त हवं असेल तर ती वाढून घेतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही ते रूक्ष वाटलं होतं. आता वाटतं, आईनं आपल्यासमोर बसून पोटभर गरम जेवणं हीसुद्धा मुलांना दिलेली एक गोष्ट आहे. मोठेपणी ती मुलं बायकोला, सुनेला, स्वतःला कसं वागवतील ते त्यांना तिथंच कळतं. आमच्याकडे हे माझ्या बोलण्यानं घडलं नाही. एके संध्याकाळी लेकीनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आज्जी बसल्याशिवाय मी खाणार नाही." आई म्हणाली, "तू खा बाळा, मी मागून." लेक हटली नाही. आमटी गार होत होती. नातवंड उपाशी राहतंय हे आईला बघवेना, ती बसली. पुढचे दोन महिने रोज बसली. लेकीनं आज्जीला तिच्याच भीतीनं जिंकलं.

ग्रुपवरच्या वादात कुणीतरी "श्यामच्या आईसारखी आई हवी" असंही लिहिलं होतं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिलं. तेव्हापासून मराठी आईला त्याच मापानं मोजलं जातं, आणि मोजताना आपण अश्रू तेवढे आठवतो. पोहायला जायची भीती वाटते म्हणून श्याम लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते, विहिरीवर धाडते, हे त्याच पुस्तकात आहे. शिंपटी मला नको. इथं तर २००७ पासून मुलावर हात उगारणं कायद्यानंच बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण कोकणातल्या त्या आईला मूल पाण्याला भिऊन चालणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. तिला माझ्या शेजारणीच्या आजीशी बोलायला दुभाषा लागला नसता.

आमच्या मराठवाड्यात मात्र पोहणं पोरांचं. विहिरीत, पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून. पोरींनी काठावर बसून कपडे राखायचे. आईला पोहता येत नाही, मला इथं येऊन तिसाव्या वर्षी आलं. पूर्वी ते खपून गेलं. विहिरीत पाणीच कुठं असायचं. आता शेतोशेती शेततळी झाली आहेत. तीस बाय तीस मीटरचं तळं, तीन मीटर खोल, चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद. पाण्यासाठी ते वरदान आहे, मामाची मोसंबी त्यावरच जगते. पण त्या कागदावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. एकदा घसरलं की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, धरायला काही नसतं. दर उन्हाळ्यात, पोरं सुट्टीला गावी आली की, शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात, कधी मायलेक. आपल्याकडच्या आया त्यावर एकच उपाय करतात: "तळ्याकडं फिरकू नको." पोटाची काळजी करायला शिकलेल्या आमच्या आयांच्या अंगणात आता पाणी आलं आहे आणि त्यांच्या हाताला ते अजून कळलेलं नाही. माझी मावसबहीण फोटोवर चिडली त्याच उन्हाळ्यात तिचा मुलगा सुट्टीला मामाच्या शेतावर जाणार होता. त्याला पोहता येत नाही.

मला घरी परत न्यावीशी वाटते ती गोष्ट हीच. वेगळी खोली, गार पाव, सहाचं टेबल, यातलं ज्याला पटेल त्यानं घ्यावं. पण पोरगा असो की पोरगी, पोहायला शिकवा. तालुक्याला तलाव नसेल तर विहिरीवर, जाणत्या माणसासमोर, पाठीला डबा बांधून. आणि ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी भोवती कुंपण आणि आत धरायला काहीतरी आजच सोडावं.

आई जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. निघताना तिनं माझ्या आणि लेकीच्या हातावर दही ठेवलं; जाणारी ती होती तरी आमच्याच हातावर. शेजारीण मुलांसह दारात आली होती. इथं पाहुण्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभं राहायची रीत आहे, मध्येच आत जात नाहीत. आई मागच्या काचेतून बघत राहिली आणि म्हणाली, "चांगली बाई आहे. फक्त त्या दिवशी पोरीला जेवू घालायला पाहिजे होतं."

पंधरा दिवसांनी मामानं एक फोटो पाठवला. शेततळ्याच्या चारी बाजूंना खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येक खुंटीला पाण्यापर्यंत सोडलेला जाड दोर, दोराला हाताएवढ्या अंतरावर गाठी आणि टोकाला ट्रकच्या टायरमधली फुगवलेली ट्यूब. काठावर आई उभी होती. मामानं खाली लिहिलं होतं, "ताईनं गाठी स्वतः मारल्या. माझ्यावर विश्वास नाही म्हणे. आणि गड्यांना सगळ्यांना बसवून जेवू घातलं, मग स्वतः जेवली. आमच्यासोबत."